हेरखात्याला कायदा हवा

खोपोलीत इतिहास शिकवत असताना नववीतल्या एका मुलाने शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्ट लिहून आणली होती. माणसं मंगळावर आणि गुरूच्या चंद्रांवर वस्ती करून राहिलेली, सगळ्या ग्रहांचं मिळून एकच सरकार आणि त्या सरकारचं एक गुप्त खातं. खात्याला पाटी नाही, पत्ता नाही, पण कोण कुठल्या यानातून कुठे निघालं हे त्याला आधीच कळायचं. गोष्ट झकास होती. मी एवढंच विचारलं, "या खात्याच्या साहेबाला जाब कोण विचारतो रे?" तो म्हणाला, "बाई, गुप्त आहे ना ते!" आपल्याकडची जाणती माणसंही हेच उत्तर देतात. मला ते मुळीच पटत नाही.

हेरगिरीच वाईट, असं खालापूर तालुक्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. मुलांना मी तिथे नेत असे. दोन्ही अंगांना चढ, मधून चिंचोळी वाट आणि रानात दबा धरायला हवी तेवढी जागा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान इथे अडकला. त्याच्या सोबत माहूरची रायबागन होती. समोर शिवाजी महाराज आणि नेताजी पालकर, ज्यांना आमच्या चौकचे लोक आपल्या गावचे म्हणून अभिमानाने सांगतात. खान शरण आला, सामानसुमान टाकून परत गेला.

लोणावळ्याकडून कोकणात उतरायला एकच वाट नव्हती. खान बोरघाटाने येणार की कुरवंड्याच्या घाटाने, हे वेळेवर कळलं नसतं तर मावळ्यांनी कुठे दबा धरला असता? लढाई खिंडीत झाली, पण ती जिंकली गेली आधी आलेल्या खबरेवर. मुलं हमखास महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्याबद्दल विचारायची. बहिर्जींचं नाव सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीत येतं. उंबरखिंडीची खबर नेमकी कोणी आणली, त्याचं नाव कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. नसावंच. खबर आणणारा पडद्याआड राहिला पाहिजे, त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण त्या खबरेवर चाल रचणारा राजा स्वतः खिंडीत उभा होता. जबाबदारी कोणाची, हे कोणालाही दिसत होतं.

कर्जतने याच धंद्याची दुसरी बाजू पाहिली आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता यांनी १९४२ मध्ये मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. इंग्रज सरकारने बक्षिसं लावली, खबरे पेरले. अखेर फितुरीने घात झाला आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. त्या खबऱ्यांचं काम सरकारी हिशेबात चोख होतं. ते सरकार मात्र इथल्या एकाही माणसाला उत्तर द्यायला बांधील नव्हतं. माझा मुद्दा एवढ्याचसाठी आहे: खबर काढण्याची कला तीच असते, ती कोणाला उत्तरदायी आहे यावर सगळं ठरतं.

आता आजचं बघा. इंटेलिजन्स ब्युरोचं मूळ १८८७ सालचं, म्हणजे इंग्रजांचं. परदेशातली माहिती काढणारी 'रॉ' २१ सप्टेंबर १९६८ रोजी रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. दोन्ही संस्था सरकारी आदेशावर चालतात. त्यांचे अधिकार किती आणि मर्यादा कुठे, हे सांगणारा संसदेचा कायदा नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातही कलम २४ ने त्यांना बाहेर ठेवलं आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरतीच फट आहे.

याची किंमत कोणी मोजली? इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांनी. नोव्हेंबर १९९४ मध्ये केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली, इंटेलिजन्स ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली. १९९६ मध्ये सीबीआयने सांगितलं, आरोपात तथ्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई द्यायला लावली ती थेट सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. रॉकेटच्या इंजिनावर काम करणारा माणूस चोवीस वर्षं आपण देशद्रोही नाही हे सिद्ध करत राहिला, याची चीड आल्याशिवाय राहत नाही.

आणि नजर आता आकाशात गेली आहे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये सोडलेला रिसॅट-२ रडारने पाहत असे. त्याला ना ढगांचा अडथळा होता ना रात्रीचा. २०१९ मध्ये संरक्षण दलांची अंतराळ संस्था उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीच्या आणखी ५२ उपग्रहांना केंद्राने मंजुरी दिली. सीमेवरच्या जवानासाठी हे हवंच, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण हाच डोळा उद्या आपल्याच माणसांवर वळला, तर वळवणाऱ्याला थांबवणारं कोण?

संसदेत गेलं की गुपित फुटतं, असा आक्षेप घेतात. ब्रिटनने एमआय-५ ला १९८९ मध्ये आणि एमआय-६ ला १९९४ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणलं, देखरेखीला खासदारांची समिती नेमली. अमेरिकेच्या सिनेटची समिती १९७६ पासून आहे. या देशांची हेरखाती बंद पडली नाहीत. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये खाजगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही.

मला हेरांची नावं नकोत, मोहिमांचा तपशील नको. अधिकार लिहून ठेवणारा कायदा हवा, गुप्ततेची शपथ घेतलेल्या सर्वपक्षीय खासदारांची छोटी समिती हवी आणि नंबी नारायणन यांच्यासारख्या माणसाला चोवीस वर्षं नव्हे, चोवीस आठवड्यांत दाद देणारा न्यायाधीश हवा.

कर्जत आणि खालापूर मावळ लोकसभा मतदारसंघात येतात. पुढच्या निवडणुकीत सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या दारात येतील. लोकलच्या फेऱ्या आणि पाण्याचा प्रश्न विचाराच. जोडीला हेही विचारा: असं विधेयक आलं तर तुम्ही बाजूने हात वर कराल का? उत्तर चार लोकांसमक्ष घ्या.