गृहपाठ कोणाचा, गुण कोणाचे?

गृहपाठाला गुण असावेत की नसावेत, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा वाटला तरी तो घराघरांतला आहे. आपल्याकडे गृहपाठ मूल एकटे करतच नाही. आई नकाशा रंगवते, बाबा तक्ता चिकटवतात, ताई निबंध 'सांगते' आणि उरलेसुरले हल्ली मोबाईल करतो. मग वहीवर पडलेले गुण कोणाचे?

२०२१ साली हा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आला. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि गुण असे विभागले गेले : नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी वा प्रात्यक्षिकाचे २०. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या संकटात दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. पण कुणाच्या घरी मोबाईल होता आणि कुणाच्या नव्हता, हेही त्या २० गुणांत मिसळले असणारच.

मी बँकेत अधिकारी होतो. कर्जप्रकरणात आम्ही आधी सातबारा आणि जामीनदार पाहत असू. त्यावरून अर्जदाराच्या पाठीशी काय आहे ते कळे. तो रान कसे कसतो, हे पाहायला बांधावर जावे लागे. गृहपाठाचे गुण हे असे तारणाचे गुण आहेत. ते घराची ऐपत सांगतात, मुलाची समज नव्हे.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे ढळढळीत दिसते. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून राहतात. तिथली जी मुलगी शाळा गाठते, तिला परतल्यावर पाणी भरायचे असते, धाकटे भावंड सांभाळायचे असते. गावातल्या लहान शेतकऱ्याचा मुलगा पंपाची वीज रात्री आली की बापाबरोबर दारे धरायला जातो. त्यांच्याच वर्गातल्या नोकरदाराच्या मुलाला मात्र संध्याकाळी शिकवणी असते. सकाळी बाईंच्या टेबलावर एक वही सुबक येते, दोन कोऱ्या.

'गुण नसतील तर मुले अभ्यासच करणार नाहीत,' असे शिक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. तीन तासांच्या एका पेपरवर सारे ठरावे, हेही बरे नव्हे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. नव्या अभ्यासक्रमाचाही त्यात वाटा होता. तरी पालकांचा जीव टांगणीला लागला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले.

अंतर्गत गुण राहोत; पण ते वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर मिळावेत. गृहपाठ द्यावा, तपासावा, चूक समजावून सांगावी. मग त्यातलाच एक प्रश्न फळ्यावर लिहून दहा मिनिटांत सोडवून घ्यावा, गुण त्याचे. आणि ज्यांना घरी वेळच मिळत नाही, त्यांच्यासाठी शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास गृहपाठालाच राखावा. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात तोंडीकाम आणि वर्गकार्याला २०१० पासून जागा आहेच. नवा कायदा लागत नाही.

आज रविवार. बहुतेक घरांत उद्याचा गृहपाठ बाकी असेल. पालकहो, ती वही मुलालाच लिहू द्या. चुकली तरी चालेल. काय येत नाही, हे बाईंना कळायला तेवढी एकच वाट आहे.