पद्मिनीचे गोडवे पुरे झाले

पद्मिनीचे फोटो टाकून उसासे सोडणं सोपं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इंग्रज सरकारची आडकाठी असतानाही 1944 ला प्रीमियर काढली. माणूस मोठाच. पण पुढं काय? 1964 ची फियाट 1100 डिलाइट, तीच नाव बदलून पद्मिनी झाली अन् जवळपास 2000 पर्यंत खपवली. तिकडं इंग्लंडात 1952 ला साखरसुद्धा रेशनवर, तरी बेंटलीवाल्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल तपासून कॉन्टिनेंटल बनवली. आपलं गिऱ्हाईक नंबर लावून उभंच होतं, मग सुधारणा कोण करतो?

आपल्या हिंगोलीतही तेच. मत ठरलेलं, मग कारखाना कोण आणतो? पोरं चाकणला जाऊन दुसऱ्यांनी आखलेल्या गाड्या जोडतात. आलिशान गाडीतून उतरणाऱ्या पुढाऱ्याला पुढच्या सभेत एवढंच विचारा, साहेब, गाडी आखायचं शिक्षण इथं कधी?