पाच तारे कुणाच्या बरगड्यांसाठी?

गाडीला पाच तारे मिळाले की घरातले सगळे सुरक्षित, असे आता बिनदिक्कत सांगितले जाते. शोरूममधला विक्रेता सांगतो, शाळेतले सहकारी सांगतात, आणि मागच्या सीटवर दादीला बसवून लग्नाला निघालेला नातूही तेच सांगतो. माझे म्हणणे असे की ते तारे दादीचे नाहीतच.

2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या नियमांनुसार गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या सीटवर प्रौढ पुरुषाचे पुतळे असतात, मागे लहान मुलांचे. म्हातारे माणूस कुठेच नसते. हा पुरुष पुतळा 1970 च्या दशकात अमेरिकेत घडला. उंची सुमारे 175 सेंटिमीटर, वजन 78 किलोच्या आसपास, छातीत पोलादाच्या सहा बरगड्या. पोलादाला वय नसते, माणसाच्या बरगडीला असते. वयाबरोबर हाडाचे बाहेरचे कवच पातळ होते, बरगड्या आडव्या होत जातात, पाठीला पोक येतो आणि पट्टा जिथे बसायला हवा तिथे बसत नाही. ज्या पट्ट्याने तिशीतल्या माणसाच्या छातीवर फक्त वळ उठतो, त्याच पट्ट्याने सत्तरीतल्या बाईच्या चार-पाच बरगड्या मोडू शकतात. मग खोल श्वास घेववत नाही, खोकता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. आठ दिवसांनी जनाज्याला जमलेले लोक म्हणतात, अपघातातून वाचली होती बिचारी, पण वय झाले होते.

या 'वय झाले होते'वरच माझा राग आहे. इंजिनीअर ते हिशेबाबाहेर ठेवण्यासाठी वापरतो, आणि आपण तकदीरच्या नावाखाली तेच करतो. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे मदरशातले पोरही जाणते. बांधायचा दोर कुणाच्या मापाने वळला, एवढेच मी विचारतो आहे.

आणि हा हिशेब करता येत नाही असेही नाही. टोयोटाने 2000 साली 'थम्स' नावाचे माणसाच्या शरीराचे संगणकीय मॉडेल आणले. 2021 पासून ते कुणालाही मोफत मिळते. अनेक मोटार कंपन्यांनी मिळूनही 2006 पासून असेच एक मॉडेल उभे केले आहे. यात हाडे, कूर्चा, फुप्फुसे, यकृत यांचे लाखो बारीक तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकडा किती जाड, किती ताठ, किती ताणला की तुटेल, हे आकड्यांत भरतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली. रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून त्यांनी अशी पद्धत बसवली की वय, लिंग, उंची आणि वजन सांगितले की त्या मापाचा बरगड्यांचा पिंजरा तयार होतो. पट्टा ठरावीक जोरानंतर थोडा सैल सोडण्याची सोय अनेक गाड्यांत असतेच. म्हाताऱ्या छातीसाठी तो लवकर सैल व्हायला हवा, पण फार सैल झाला तर डोके समोर आपटेल. हा तोल एकही गाडी न फोडता संगणकावर शेकडो वेळा तपासता येतो.

यातली एक गोष्ट मला फार बोचते. शरीर किती मार सोसते हे कळले ते मृतदेहांवरच्या चाचण्यांतून, आणि देहदान करणारे बहुतेक वृद्धच असतात. म्हणजे हाडे मोडून घेतली म्हाताऱ्यांनी, आणि त्या आकड्यांचे गणित करून माप बेतले ते जवान पुरुषाचे.

आता आपल्या घरातले बोलू. मय्यतची विटंबना नको म्हणून देहदानाला आपल्याकडचे बहुतेक उलेमा परवानगी देत नाहीत. काही देतात, पण तो वाद इथे काढण्याची मला गरज वाटत नाही, कारण सीटी स्कॅन जिवंत माणसाचा असतो. तो इलाजासाठी आधीच काढलेला असतो. नाव पुसून, संमती घेऊन तो संशोधनाला देण्यात कुठल्या अमानतीत खयानत होते? आपल्या बुजुर्गांच्या बरगड्या त्या माहितीत नसतील, तर त्यांच्यासाठी पट्टा कोण बेतणार? जुम्म्याच्या बयानात मौलानांनी हे दोन मिनिटे सांगायला हरकत नसावी.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: 'सर, आपले म्हातारे कारमध्ये असतात कुठे?' खरे आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची आणि 19 टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. पण याने माझा मुद्दा पडत नाही, वाढतो. हीच मॉडेले पादचाऱ्याच्या रूपातही मिळतात. फजरला काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या चाचांच्या मांडीच्या हाडावर कोणता बंपर कसा आदळेल, हेही काढता येते. मग ते न काढण्याचे कारण काय?

मॉडेल म्हणजे करामत नव्हे, हेही सांगतो. ते धडकेच्या सेकंदाच्या काही भागात काय मोडले ते सांगते. आठव्या दिवशीचा न्यूमोनिया त्याला दिसत नाही. आणि भरलेले आकडे कच्चे असतील तर उत्तरही कच्चेच येणार. पण पोलादी बरगडीला त्यातले काहीच दिसत नाही.

जपानमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पासष्टी ओलांडलेले असतात. युरो एनकॅपने संगणकावरच्या चाचण्यांना नियमांत जागा दिली आहे. वाहने आदळवून तपासणारी एआरएआय तर आपल्या पुण्यातच आहे. तेव्हा भारत एनकॅपच्या नियमांत मागच्या सीटवर सत्तर वर्षांची एक बाई बसवा, संगणकावर का होईना, आणि तिचा निकाल ताऱ्यांच्या शेजारी वेगळा छापा. तो छापला जाईपर्यंत शोरूममध्ये विचारत राहू: हे पाच तारे किती वयापर्यंतचे?