म्हातारपण कुणाच्या सोयीसाठी नाही

‘जुनी पानं गळली तरच नवी पालवी फुटते.’ साठी उलटलेल्या माणसाला बाजूला सारायचं असलं की हे वाक्य हमखास येतं. घरात येतं, संस्थेच्या सभेत येतं. दवाखान्यात गुडघेदुखी सांगणाऱ्या बाईला ‘वय झालं आता’ म्हणून वाटेला लावतात, तेव्हाही सूर तोच असतो. माणसांनी एकमेकांशी कसं वागावं हा वाद जरूर घालावा. पण त्यात निसर्गाला साक्षीला उभं करतात, आणि ती साक्ष खोटी आहे. पान आणि पालवी एकाच झाडाची असतात. आजोबा आणि नातू हे दोन वेगळे जीव आहेत. पुढच्यांना जागा करून द्यायची म्हणून कुठलाही प्राणी म्हातारा होत नाही.

म्हातारे जागा करून देतात हे मत काही गावगप्पांतून आलेलं नाही. आउगुस्ट वाइझमन या थोर जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८१ साली ते गंभीरपणे मांडलं होतं. झिजलेले जीव जातीच्या उपयोगाचे नसतात, उलट धडधाकटांची जागा अडवतात. म्हणून नैसर्गिक निवडीने मरणाची सोय केली, असं त्यांचं म्हणणं. पण म्हातारे झिजलेले असतात हे त्यांनी आधीच गृहीत धरलं, आणि ते का झिजतात, हाच तर प्रश्न होता! शिवाय जातीच्या भल्यासाठी वेळेवर मरणाऱ्यांच्या कळपात एखादा न मरणारा जन्मला तर काय होईल? त्याला पिल्लं जास्त होतील, त्याचे जनुक पसरतील, आणि काही पिढ्यांत वेळेवर मरणाऱ्यांचा वंशच मागे पडेल. त्यातून रानातला उंदीर वर्षभरसुद्धा क्वचितच जगतो. पिंजऱ्यात सांभाळला तर दोन-तीन वर्षं काढतो. ज्याला घुबड आणि साप म्हातारं होऊच देत नाहीत, त्याने जागा कधी रिकामी करायची?

‘यंत्र झिजतं तसं शरीर झिजतं, त्यात कसला प्रश्न?’ हा दुसरा पक्ष. यंत्र स्वतःची डागडुजी करत नाही, शरीर करतं. मोडलेलं हाड सांधतं, जखम भरते. ब्रांटचं वटवाघूळ वजनाला दहा ग्रॅमही भरत नाही, उंदराहून हलकं. उडण्यात त्याची शक्ती अफाट खर्च होते. तरी सायबेरियात या जातीचं निदान ४१ वर्षांचं वटवाघूळ सापडलं आहे. हाडामांसाचा माल दोघांचा सारखाच. मग एकाची डागडुजी चाळीस वर्षं चालते आणि दुसऱ्याची तीन वर्षांत का थकते?

याचं उत्तर पीटर मेडावर यांनी १९५१ साली लंडनच्या एका व्याख्यानात दिलं. समजा, एक प्राणी मुळीच म्हातारा होत नाही. तरी शिकारी, साथ, दुष्काळ यांत दर वर्षी दहातला एक जातोच. शंभरांपैकी दहा वर्षांनी पस्तीस उरतील, वीस वर्षांनी बारा, तीस वर्षांनी जेमतेम चार. एखादा जनुक तिसाव्या वर्षी घात करत असेल तर त्याची झळ त्या चौघांनाच लागते, आणि त्यांचीही बरीचशी पिल्लं तोवर जन्मलेली असतात. वय वाढत जातं तसा निवडीचा हात सैल पडतो. माणसातला हंटिंग्टनचा आनुवंशिक आजार बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो, तोवर मुलं झालेली असतात; जे. बी. एस. हाल्डेन यांनी हे आधीच हेरलं होतं. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: तरुणपणी लाभ देणारा जनुक उतारवयात नडत असला, तरी निवड त्याला पसंतच करेल. वटवाघळाला पंख आहेत, शिकाऱ्याच्या तोंडी ते कमी पडतं, म्हणून त्याच्या उतारवयालाही किंमत राहते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. मायकेल रोझ यांनी फळमाश्यांच्या फक्त उशिरा घातलेल्या अंड्यांतून पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या. माश्या दीर्घायुषी झाल्या, पण तरुणपणी अंडी कमी घालू लागल्या. स्टीव्हन ऑस्टाड यांना अमेरिकेच्या जॉर्जिया किनाऱ्यालगत सापेलो बेटावर मोठे शिकारी नसलेल्या जागी राहणारे ओपोसम सापडले. पोटाला पिशवी असलेला, मांजराएवढा हा प्राणी मुख्य भूमीवर दोनेक वर्षांतच खंगतो. बेटावरचे जास्त जगत होते आणि एका वेताला पिल्लं कमी देत होते. शेपटीतल्या तंतूंवरून पाहिलं तरी त्यांचं वय सावकाश चढत होतं.

एक अडचण लपवू नये. डासांच्या अळ्या खायला आपण पाण्यात सोडतो त्या गप्पी माशांवर त्रिनिदादमध्ये काम झालं. शिकारी जास्त असलेल्या ओढ्यांतले गप्पी लवकर म्हातारे व्हायला हवे होते. २००४ मध्ये नेमकं उलटं दिसलं. शिकारी जर अशक्तांनाच आधी टिपत असेल तर अंगातली ताकद टिकवण्यालाच मोल येतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणजे हिशोब साध्या बेरजेचा नाही. पण इथेही ‘जागा करून देणं’ कुठे आलं?

प्रतिपक्षाचा सगळ्यात देखणा साक्षीदार आपल्या सह्याद्रीतच आहे. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांची झुंबड उडते, बी धरतं आणि झुडूप वाळून जातं. पुढे बोंडं तडतडत फुटतात. रोपांना उजेड मिळावा म्हणून आईने प्राण दिले, असं वाटावं इतकं हे दृश्य हृद्य असतं. मला ते मनापासून आवडतं, तरी ते वाचन मला पटत नाही. साठवलेलं सगळं एकदाच बियांत ओतलं तर किडामुंगी, उंदीर खाऊन खाऊन किती खाणार? त्यातून काही बी वाचतंच. जीव जातो तो या एकरकमी खर्चापायी. खाली मिळणाऱ्या उजेडाचा लाभ झालाच, तरी तो तिच्याच रोपांना झाला तर निवडीच्या हिशोबात धरला जाईल; साऱ्या कारवीवर उपकार म्हणून नव्हे. त्याच मातीतला आंबा वर्षानुवर्षं मोहरतो, आणि वड तर पारंब्या टेकवत शेजारच्यांचीच जागा घेतो.

आणि माणूस? पाळी थांबल्यावरही बाई पुढे कित्येक वर्षं जगते, हे म्हाताऱ्यांना हटवणाऱ्या निसर्गात बसत नाही. टांझानियातल्या हाडझा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की वयस्क बाया कडक जमिनीतून कंद खणून काढतात, आणि आई तान्ह्या बाळात गुंतलेली असते तेव्हा वरच्या मुलांचं वजन आजीच्या खणण्यावर अवलंबून राहतं. ती नातवंडं जगली की आजीचे जनुक पुढे जातात. हॉक्स यांच्या मते माणसाचं लांबलेलं आयुष्य याच कमाईवर उभं आहे. यावर अजून वाद चालू आहे, तो चालावा. त्या आजीला जागेवरून उठवू पाहणाऱ्याने मात्र नातवंडांसाठी कंद कोण खणणार, ते आधी सांगावं.