'सर्व्हर डाऊन' ही नैसर्गिक आपत्ती नाही

पोस्ट लांब आहे, पण पीक विमा किंवा शिष्यवृत्तीसाठी कधी रांगेत उभे राहिला असाल तर शेवटपर्यंत वाचा.

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' हे वाक्य आता 'लाईट गेलीय' इतकं सवयीचं झालंय. माणूस मान डोलावतो, कागदांची पिशवी उचलतो आणि गावी परततो. एक दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीतही 'तांत्रिक अडचण' एवढाच शब्द. ती अडचण कोणाची, हे कुणी विचारत नाही.

खरं म्हणजे बऱ्याचदा यंत्र बंद पडलेलंच नसतं. चालू असतं, फक्त तुंबलेलं असतं. तहसीलची रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. आत वीस कारकून आहेत. बाहेरून अर्ज आला की एक कारकून मोकळा होतो, कागद काढून देतो, पुढचा अर्ज घेतो. वेबसाईट आणि डेटाबेस यांच्यामध्ये अशीच ठरावीक 'कनेक्शन्स' असतात. एका कामाला ०.२ सेकंद लागत असेल तर वीस कनेक्शन्स सेकंदाला १०० कामं उरकतात. वाईट नाही! पण रजिस्टरला अनुक्रमणिकाच नसेल, एक नाव शोधायला सगळी पानं चाळावी लागत असतील आणि त्याला ४ सेकंद लागत असतील, तर तेच वीस जण सेकंदाला फक्त ५ कामं करतात. बाकीचे बाहेर ताटकळत. आपल्या मोबाईलवर गोल चक्र फिरत राहतं ते हेच. मग आपण वैतागून पुन्हा बटण दाबतो, रांग आणखी वाढते.

यावर घाईघाईचा उपाय म्हणजे 'कनेक्शन्स वाढवा'. पोस्टग्रेस हा डेटाबेस जसाच्या तसा बसवला तर एकूण १०० कनेक्शन्स देतो, मायएसक्यूएल १५१. समोर आठ ॲप्लिकेशन सर्व्हर लावले आणि प्रत्येकाला ५० ची मुभा दिली तर मागणी ४०० वर जाते. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. पण म्हणून आकडा थेट २००० करणं हाही अडाणीपणाच. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते, ती मेमरी खाते. खोलीत दोनशे कारकून कोंबले तर कपाटं बाहेर काढावी लागतील आणि मग प्रत्येक कागदासाठी गोदामात पळावं लागेल. मेमरी पार संपली की लिनक्स स्वतःच एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतो. अनेकदा बळी जातो तो डेटाबेसचाच.

अजून एक प्रकार आहे, तो बाहेर बसूनही ओळखू येतो. सकाळी साईट फर्रकन चालते, दुपारपर्यंत मरते, 'रीस्टार्ट' केलं की पुन्हा तास-दोन तास ठीक. अशा वेळी पहिला संशय गळतीचा घ्यावा. प्रोग्राम कनेक्शन घेतो आणि परतच करत नाही. रीस्टार्टने गळती थांबत नाही, बादली तेवढी रिकामी होते.

'गर्दीच एवढी होती हो,' हे उत्तर मला पटत नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला. ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत सरकारच ठरवतं, पात्र शेतकरी किती हे सरकारलाच माहीत असतं. शेवटच्या तीन दिवसांत झुंबड उडणार हे तर गावातल्या पानवाल्यालाही ठाऊक असतं. मग तेवढी खोटी गर्दी आधी सोडून साईटची परीक्षा का घेत नाहीत? त्याला लोड टेस्ट म्हणतात. त्यासाठीची साधनं फुकट मिळतात, जेमीटर त्यातलंच एक.

पूल बांधला की भारचाचणी होते, आणि ती झाली नसेल तर आपण अभियंत्याला धारेवर धरतो. वेबसाईटच्या ठेकेदाराला मात्र कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी मुदतवाढीची घोषणा झाली की पत्रकार परिषदेत एवढंच विचारा: एकाच वेळी किती जणांसाठी चाचणी केली होती, कोणत्या तारखेला, आणि तिचा अहवाल कुठे आहे? नुसतं 'तांत्रिक अडचण' असं उत्तर आलं, तर तेही बातमीत नावानिशी छापा.