सत्याची मक्तेदारी

एल. रॉन हबर्ड या अमेरिकन विज्ञानकथाकाराने १९५० साली मनोपचाराची एक पद्धती पुस्तकरूपाने मांडली आणि १९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये तिचे ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ झाले. ‘ई-मीटर’ नामक उपकरणाची नळकांडी हाती धरून साधकाने प्रश्नांना उत्तरे देत आपले गतायुष्य उलगडायचे, याचे नाव ‘ऑडिटिंग’. एकेक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीचे मोल मोजायचे!

या संस्थेला तिचेच ज्येष्ठ धुरीण सोडून जातात, हे लक्षणीय आहे. खुद्द हबर्ड यांचे ऑडिटर असलेल्या डेव्हिड मेयो यांनी १९८३ साली सांता बार्बरा येथे स्वतंत्र केंद्र काढले. संस्थेने त्यांना न्यायालयात खेचले. २००४ साली बाहेर पडलेले मार्टी राथबन टेक्सासमध्ये स्वतंत्रपणे ऑडिटिंग करू लागले. २०१२च्या आरंभी डेबी कुक यांनी निधिसंकलनाच्या हव्यासावर सहकाऱ्यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्यावरही दावा गुदरला गेला. त्याच वर्षी इस्रायलमधील हैफाचे केंद्रच विलग झाले.

या मंडळींचे म्हणणे एकच होते : आम्ही शिकवण सोडली नाही, दुकान सोडले. परंतु संस्थेच्या लेखी शिकवण हीच मालमत्ता. तिची व्यापारचिन्हे सांभाळण्यासाठी १९८२पासून स्वतंत्र संस्था आहे.

हबर्ड यांनी आपल्या विचाराचे मूळ वेदांपर्यंत नेले होते. पण ज्या वेदांना आपण अपौरुषेय मानतो, त्यांना मालक कुठला? मध्वाचार्यांनी अद्वैती गुरूंकडून संन्यासदीक्षा घेतली आणि द्वैतमत मांडले. त्यावर वाद झाले, खंडन-मंडनाचे ग्रंथ झाले. परंतु ‘ब्रह्मसूत्रे आमच्या मालकीची’ असा दावा कोणी केला नाही.

तथापि केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. आपल्याकडेही शिबिरांचे दरपत्रक छापणारे, प्रश्न विचारणाऱ्यास द्रोही ठरवणारे ‘गुरू’ आहेतच. आपल्या घरातील कोणी अशांच्या नादी लागला, तर आपण त्याला सावध करतो का? डॉ. हेडगेवारांनी १९२८ साली गुरुस्थानी व्यक्ती न ठेवता भगवा ध्वज ठेवला, त्यामागील दूरदृष्टी इथे उमगते. व्यक्ती स्खलनशील असते. तिच्या शब्दाला अंतिम मानले की संघटनेची पेढी व्हायला वेळ लागत नाही.

राथबन यांनी पुढे सायंटॉलॉजीचाही त्याग केला. संस्था सोडणे ही पहिली पायरी. संस्थापकाचा शब्दही विवेकाच्या कसोटीवर घासणे, ही खरी मुक्ती. त्या पायरीला शुल्क नसते, पण धैर्य लागते.