टँकरला ‘खोकं’ म्हणणाऱ्या परीक्षकांसाठी

जहाजाचं मॉडेल म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकार ठरलेले. एक थर्माकोलची युद्धनौका, वर चार क्षेपणास्त्रं आणि लुकलुकणारे एलईडी. दुसरं शिडाचं जहाज, पुढाऱ्यांच्या सत्काराला द्यायला. पण ज्या जहाजांवर आपल्या कोकणातल्या हजारो माणसांनी आयुष्यं काढली, त्या मालवाहू जहाजाचं किंवा टँकरचं मॉडेल तुम्ही कुठल्या शाळेत, वाचनालयात, नगरपरिषदेच्या दालनात बघितलंय? आमच्या तालुक्यात तरी मला दिसलेलं नाही. आपण कुणाच्या कामाला काम मानतो, ते यावरून कळतं.

यंदा एका विज्ञान प्रदर्शनाला बातमीसाठी गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. नववीतल्या एका मुलाने ऑइल टँकर ठेवला होता. वडील टँकरवर पंपमन. मूळ जहाज १८३ मीटर लांब. पोराने माप धरलं १:२००, म्हणजे मॉडेल ९१.५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. त्याच मापात आपली एसटी जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची होईल! सनबोर्डचे थर एकावर एक चिकटवून, पॉलिश पेपरने घासून त्याने खालचा आकार काढला होता. डेकवरचे पाइप बॉलपेनच्या रिफिलचे, कठडे स्टेपलरच्या पिनांचे. मधोमध होज उचलायची क्रेन, राहायच्या खोल्यांची इमारत मागच्या टोकाला. सगळं वडिलांनी पाठवलेल्या नकाशाबरहुकूम. आणि डेकवर एक माणूस, ९ मिलिमीटरचा. “हे पप्पा,” तो म्हणाला.

परीक्षक आले. दोन मिनिटं बघितलं. “यात चालतंय काय? नुसतं खोकं तर आहे!” असं म्हणून पुढच्या टेबलावर गेले. पहिलं बक्षीस क्षेपणास्त्रवाल्या युद्धनौकेला. त्या दुसऱ्या मुलानेही मेहनत केली होती, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते परीक्षकांबद्दल.

तर साहेब, त्या खोक्यात काय होतं ते ऐका.

परातीत पाणी घ्या आणि घरभर चालून दाखवा. जरा तोल गेला की सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. आता तेच पाणी वाट्यांमध्ये भरा आणि वाट्या परातीत ठेवा. परात हललीच, तर प्रत्येक वाटीतलं पाणी वाटीपुरतं हलेल. टँकरच्या पोटात उभ्या भिंती घालून टाक्या वेगवेगळ्या करतात, त्याचं एक मोठं कारण हेच. पोराने एक बाजू उघडी ठेवून त्या भिंती दाखवल्या होत्या. त्याच बाजूला जहाजाला दोन कवचं दिसत होती, एकात एक. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हा टँकर खडकावर आपटला आणि समुद्रभर तेल झालं. त्यानंतर नियम बदलले आणि नव्या मोठ्या टँकरांना दुहेरी कवच लागू लागलं. बाहेरचं फाटलं तरी आतलं तेल शाबूत राहावं, म्हणून.

बाजूवर पांढऱ्या रेघांची शिडीसारखी खूण होती. ती नक्षी नव्हे! उन्हाळी समुद्रात जहाज किती बुडालेलं चालेल, हिवाळ्यात किती, उष्ण कटिबंधात किती आणि गोड्या पाण्यात किती, हे त्या रेघा सांगतात. गोड्या पाण्यात जहाज थोडं जास्त बुडतं. आर्किमिडीज शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं हवं?

आणि बक्षीसवाल्या नौकेवरची क्षेपणास्त्रं कप्तानाच्या खोलीपेक्षा मोठी होती. खेळणं म्हणून काहीच हरकत नाही. पण मापाचा पत्ता नसताना विज्ञानाचं पहिलं बक्षीस कशाबद्दल दिलं, तेवढं सांगा.

हा पंक्तिभेद फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. प्लॅस्टिकच्या किटांच्या जगातही युद्धनौकांचीच चलती. जपानी कंपन्यांनी १९७१ पासून १:७०० मापात जी मोठी मालिका काढली, ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ जहाजांची. साध्या मालवाहू जहाजाचं किट शोधून सापडत नाही. म्हणून ते करणारा माणूस बहुतेक वेळा नकाशावरून, शून्यातून सगळं करतो. म्हणजे ज्याला जास्त कसब लागतं, त्यालाच आपण खोकं म्हणतो.

नगरपरिषदांचीही तीच तऱ्हा. चौक सुशोभीकरणात फायबरचं शिडाचं जहाज बसवलेलं आहे एके ठिकाणी. शिडं वाऱ्याने पुढे फुगलेली आणि झेंडा मागे फडकतोय! एकाच जहाजावर वारा दोन दिशांनी? कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तर त्याने चहाच्या कपात हे काम तपासून दिलं असतं. पण विचारतो कोण? ठेकेदाराला जहाज नको असतं, बिल हवं असतं.

कुणी म्हणेल, युद्धनौकेने देशभक्ती शिकवली जाते. शिकवा की, नौदलाबद्दल आदर आहेच. पण आपल्या परदेशी व्यापाराचा वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रातून जातो-येतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. मुंबईजवळ जवाहर द्वीपला टँकर लागतो, तेल पाइपने माहुलच्या रिफायनरीत जातं, तेव्हा तुमची-आमची गाडी सुरू होते. मुंबईच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातलं स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर झाली अशा २००० हून अधिक खलाशांचं. त्यात व्यापारी जहाजांवरची माणसंही आहेत. ती देशभक्ती मोजायची की नाही?

आणि ‘रामदास’ बोट? १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसकडे जाताना उलटली, ६०० हून अधिक माणसं गेली. आजही घराघरांत तिची गोष्ट सांगतात. पण ती बोट दिसायची कशी, किती लांब, किती रुंद, आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? आपण स्मरण करतो ते फक्त बुडण्याचं.

दिवाळीत आपल्या दारात किल्ला होतो. बुरूज, तटबंदी, चोरवाटा, सगळं मुलं मातीत करतात, आणि त्यातून गड त्यांना पाठ होतो. म्हणजे मॉडेल करून शिकायची रीत आपल्या रक्तात आहे. मग त्याच मुलांना बापाचं जहाज का नाही करू द्यायचं? वर्षातले सहा-सहा, नऊ-नऊ महिने माणूस कुठे असतो, काय करतो, हे त्या पोराने हाताने करून समजून घेतलं होतं. त्यावर आपण ‘खोकं’ असा शेरा मारला.

माझ्या मागण्या साध्या आहेत. विज्ञान प्रदर्शनात मॉडेलचं माप आणि मूळ नकाशा बघितल्याशिवाय गुण देऊ नका. परीक्षक मंडळात एखादा निवृत्त इंजिनिअर, बोसन, फिटर बसवा. प्रत्येक वाडीत एक तरी सापडेल. आणि चौकात पुढचं जहाज बसवण्याआधी ते त्यांना दाखवा.

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ मध्ये याच तारखेला सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. त्या कंपनीच्या संस्थापकांत आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्या दिवशी आपण मालवाहू जहाजांच्या मॉडेलचं छोटं प्रदर्शन भरवू. ज्यांच्या घरी असं मॉडेल आहे, जुने नकाशे आहेत, किंवा ज्यांना हे करता येतं, त्यांनी कमेंटमध्ये लिहा. हॉल आणि टेबलांचं मी बघतो. त्या पोराला आधीच विचारलंय. तो येतोय, टँकर घेऊन.